मी मुखेडचा बँजो

मी एक जुना बँजो आहे. मित्रांनो, वाक्य एवढं साधं, पण ते उघडपणे म्हणायला मला फार वर्षं लागली. मधल्या काळात मी बरंच काही होतो. कोणी मला दर्ग्यातला बाजा म्हणालं, कोणी साधूचं वाद्य म्हणालं, आणि मी ते ऐकून घेतलं. लाकडाला बोलता येत नाही, ही माझी अडचण. तारांना मात्र बोलता येतं, आणि त्या खोट्या कौतुकातही माझ्या तारा गोडच बोलत राहिल्या. त्याची लाज अजून जात नाही.

आधी माझं रूप सांगतो. लांबट लाकडी पेटी, पेटीवर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टायपिंग मशीनसारखी बटणं. उजव्या हातातल्या पट्टीने तार छेडायची आणि डाव्या हाताने बटण दाबायचं. वरातीपुढे टेम्पोवर बसलेला माझा एखादा भाऊबंद तुम्ही पाहिला असेल. पण मला पाहिलंत तर ओळखणार नाही. माझ्या अंगावर निळे-जांभळे डोळे रंगवले आहेत. डोळ्यांतून साप निघाले आहेत आणि सापांच्या तोंडात चंद्र आहेत. हा रंग मला मुज्तबाने दिला. रंगाखाली जो आहे, त्याला पाशामियाँनी घडवलं.

पाशामियाँचं मुखेडच्या बाजारात रेडिओ-माईक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. एका मोडक्या रेडिओची सागवानी पेटी त्यांच्याकडे पडून होती. त्या पेटीचं त्यांनी माझं अंग केलं. भंगारात आलेल्या मराठी टायपिंग मशीनची बटणं काढून मला लावली. जुन्या टेलिफोनमधलं लोहचुंबक माझ्या पोटात बसवलं, म्हणजे माझा आवाज भोंग्यातून लांबवर जावा. बटणांवरची अक्षरं तशीच राहिली. पाशामियाँना वाचता येत नव्हतं. त्यांच्या लेखी 'क' म्हणजे एक खालचा सूर होता आणि 'ज' म्हणजे लग्नात नवरी रडते तेव्हा लागणारा सूर. अक्षरांचा दुसरा काही उपयोग असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

घरी नेऊन पहिल्यांदा तारा चढवल्या तेव्हा त्यांची बायको जन्नतबी शेजारी भाकरी थापत होती. तिने पिठाचा हात थांबवला आणि म्हणाली, "याला सर्दी झालीय. नाकातून बोलायलाय."

पाशामियाँ बिचारे दुपारभर लाकूड घासत बसले. तार सैल केली, ताणली. मग पुन्हा वाजवून विचारलं, "आता?"

"आता बी सर्दीच हाय," जन्नतबी म्हणाली, "पन गोड हाय. राहू द्या."

ती सर्दी माझ्या आवाजात कायमची राहिली. पुढे मोठमोठ्या शहरांत तिच्यावर लोकांनी जीव टाकला.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. पाशामियाँ माझ्यावर आणि सिद्धलिंग ढोलावर, अशी आमची बँजो पार्टी. सिद्धलिंग उदगीरकडचा. अंगाने आडवा, तोंडाने तिखट, पण हाताने असा मऊ की ढोल झोपेत बोलल्यासारखा वाजे. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, जिथे लग्न तिथे आम्ही. पोरं नाचायची, म्हातारे माना हलवायचे. नवऱ्यामुलाचा मामा एकदा तरी रडायचा. मला वाटायचं, जगात याहून मोठं काम नाही.

या कामात पाशामियाँचा एक नियम होता. तो त्यांना त्यांच्या उस्तादांकडून मिळालेला. वरात चालली आहे आणि वाटेत एखाद्या दारात माणसं खाली मान घालून बसलेली दिसली, आतून बायकांचं रडणं ऐकू आलं, की पाशामियाँ वाजवता वाजवता डावा तळहात माझ्या सगळ्या तारांवर आडवा ठेवत. गाणं मधेच तुटे. सिद्धलिंगच्या काठ्या खाली वळत. मग दोघेही टेम्पोवरून उतरत, कारण मयताच्या दारावरून बसून जायचं नाही. उभे राहत, मान खाली घालत, आणि ते घर मागे पडेपर्यंत पायी चालत.

एकदा देगलूरला नवऱ्याच्या दोस्तांना दारू चढलेली होती. एकजण ओरडला, "ए म्हाताऱ्या, थांबलास का? वाजीव की!"

सिद्धलिंग म्हणाला, "दम धर जावईबापू. तुझ्या दोस्ताचं लगीन काय पळून चाललं न्हाई. त्या घरातलं मानूस मात्र चाललंय."

पाशामियाँचा मुलगा मुज्तबा तेव्हा लहान होता आणि टेम्पोवर बापाला खेटून बसायचा. त्याने विचारलं, "कोन गेलं अब्बा? आपल्या ओळखीचं होतं?"

"ओळख कशाला पाहिजे?" पाशामियाँ म्हणाले. "त्यांचं रडणं चालू हाय, बेटा. आपला आवाज त्याच्यावर चढवू नये."

मुज्तबाने ते ध्यानात ठेवलं. फारच चांगलं ध्यानात ठेवलं, असं आता म्हणावं लागतं.

पोरगा सुरांत तयार होता. बाप जेवायला उठला की तो माझ्यावर बसे. बापाची गाणी वाजवून झाली की तीच उलटी वाजवे, एकच सूर इतका वेळ घोळवे की जन्नतबीला झोप लागे. पाशामियाँ म्हणत, "हे काय वाजवून राहिलास? नाचणार कोन याच्यावर?" पण दाराआड उभे राहून ऐकत.

मग तो कॉलेजसाठी नांदेडला गेला आणि तिथे त्याला पहिल्यांदा लाज भेटली. वर्गमित्राच्या बहिणीचं लग्न होतं. मुज्तबा मित्रांबरोबर नवे कपडे घालून आलेला, आणि वरातीपुढे नेमके आम्ही. एक मित्र हसून म्हणाला, "अरे, या बँजोवाल्याचं नाक बघ, हुबेहूब तुझ्यासारखं!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मुज्तबा हसला आणि मांडवामागे निघून गेला. पाशामियाँनी ते पाहिलं. त्यांनी माझा स्टँड फिरवून घेतला आणि सबंध वरात दुसरीकडे तोंड करून वाजवली. मुलाला ओळख द्यावी लागू नये, एवढ्यासाठी. त्या दिवशी त्यांची बोटं बटणांवर किती जड पडत होती, ते फक्त मला ठाऊक आहे.

पुढे डीजे आला. त्याच्या भिंतीएवढ्या आवाजापुढे माझी सर्दी कोणाला ऐकू जाणार? बोलावणी थांबली. सिद्धलिंग किराणा दुकानात बसू लागला. भोंग्याशेजारी जन्म काढल्यामुळे पाशामियाँना कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे ते स्वतः मोठ्याने बोलत. मी फळीवर गेलो. कोणी कापड टाकलं, कोणी त्या कापडावर गोधडी टाकली, आणि हळूहळू घरात मी आहे हे घर विसरलं.

मुज्तबा पुण्याला शिकायला निघाला तेव्हा त्याने मला मागून घेतलं. जन्नतबी म्हणाली, "ने बाबा. इथं तर उंदरं कुरतडायलीत." पाशामियाँनी मला पुसून दिलं. त्यांना वाटलं, लेकाला आपली आठवण म्हणून पाहिजे असेल.

पुण्यात मुज्तबाला सत्यम भेटला. सत्यम लातूरजवळच्या मुरुडचा. घरी सोयाबीनची शेती, आणि पोरगा ड्रमच्या नादाला लागलेला. एके दुपारी वसतिगृहाच्या खोलीत मुज्तबाने माझी वायर एका गिटारवाल्याच्या पेडलला जोडली. पायाने दाबायची छोटी डबी असते ती. तिच्यातून आवाज गेला की लांबतो, फिरतो, स्वतःच्याच मागे धावतो. मी एक सूर दिला आणि तो खोलीभर लाटेसारखा फिरून माझ्याकडे परत आला. मी स्वतःच दचकलो. सत्यम पलंगावरून उठून उभा राहिला.

"आरं, हे काय हाय?" तो म्हणाला. "भिंत हलल्यासारखं वाटलं मला!"

मित्रांनो, त्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. डोळे मिटून ऐकलं की रंग दिसतात, वेळ लांबतो, आपण पाण्याखाली आहोत की आभाळात, ते कळत नाही. त्या दोघांनी आणखी दोन पोरं जमवून 'उलटी नदी' नावाचा बँड काढला. खरं सांगतो, मुज्तबात गुण होता. तो खोटा वाजवणारा कधीच नव्हता. गच्च्यांवर वाजवलं, मग कॉलेजांत, मग मुंबई, गोवा, बंगळूर. पोरं त्याच्या नावाचे कपडे घालू लागली. माझ्या नाकातल्या आवाजावर मोठे लेख आले.

त्याच्या वादनात एक जागा अशी होती की तिच्यासाठी लोक लांबून येत. धून शिगेला पोहोचली, हजार माणसं डोलत आहेत, आणि एकाएकी मुज्तबा डावा तळहात माझ्या सगळ्या तारांवर आडवा ठेवी. सत्यमच्या काठ्या खाली वळत. सगळं गप्प. लोक श्वास धरून उभे राहत, काहीजण रडत. मग धून पुन्हा उठे आणि टाळ्यांचा पाऊस पडे. कोणी त्याला पोकळी म्हणालं, कोणी समाधी म्हणालं. मला मात्र दर वेळी वाटायचं, टेम्पोवरून उतरायचं राहिलं.

पहिलं खोटं अगदी छोटं होतं. कॅमेरा घेऊन आलेल्या एका मुलीने विचारलं, "हे वाद्य कुठलं?" मुज्तबाने तोंड उघडलं. मुखेड म्हणायला किती वेळ लागतो? पण त्याला मांडव दिसला असावा, मित्रांचं हसणं ऐकू आलं असावं. तो म्हणाला, "राजस्थानातल्या एका दर्ग्यात मिळालं. तीनशे वर्षांपूर्वीचं आहे." मुलीचे डोळे मोठे झाले. मग ती शांततेबद्दल विचारू लागली, तेव्हा तो म्हणाला, "हिमालयात एका गुहेत एक साधू होते. त्यांनी दिली."

टायपिंग मशीनची बटणं तीनशे वर्षांपूर्वी कुठून आली असती, हे कोणी विचारलं नाही. पण उद्या कोणी विचारील, या भीतीने मुज्तबाने मला रंगवून टाकलं. अक्षरांवर चांदीचा रंग चढला. पेटीवर सापडोळे आले. वडील काय करतात, असं सत्यमने विचारलं, तर म्हणाला, नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचे व्यापारी आहेत. घरी फोन करी, पण कार्यक्रमाला या असं कधी म्हणाला नाही. जन्नतबीने विचारलं तर म्हणे, "लई गर्दी असते अम्मी. तुम्हाला न्हाई झेपायचं."

गेल्या हिवाळ्यात लातूरला मोठ्या मैदानावर 'उलटी नदी'चा कार्यक्रम ठरला. सिद्धलिंगने उदगीरला भिंतीवरच्या जाहिरातीत मुज्तबाचा फोटो पाहिला आणि मुखेडला धाव घेतली. पाशामियाँ, जन्नतबी आणि तो, तिघे एस.टी.ने निघाले. मुज्तबाला कळवलं नाही. पोराला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

दिवेलागणीला मंचामागे मुज्तबा माझ्या तारा लावत होता, तेव्हा ते समोर आले. पाशामियाँनी पांढरा सदरा आणि नवी टोपी घातली होती. जन्नतबीच्या हातात डबा होता. सिद्धलिंगने डोक्याला रुमाल बांधलेला.

"देखो, अपना उस्ताद!" पाशामियाँ इतक्या मोठ्याने म्हणाले की वायरी ओढणारे कामगार वळून बघू लागले. मग त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी मला ओळखलं नाही. पुढे होऊन नवीन वाद्य बघावं तसं बघू लागले. मुज्तबा घाईने मधे आला.

"अब्बा, मागं बसा तुम्ही. पुढं आवाज लई मोठा असतो, अम्मीला त्रास होईल."

"हाव, हाव. मागं बसतो आम्ही. तू घाबरू नको," पाशामियाँ म्हणाले आणि त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

ते गेले आणि दुसऱ्या बाजूने सत्यम आला. "कोन होते रे?"

मुज्तबाचं बोट माझ्या तारेवर होतं.

"गावाकडचे," तो म्हणाला. "ओळखीचे हायत."

मित्रांनो, मला उंदरांनी कुरतडलं आहे. एकदा टेम्पोवरून पडून माझी पेटी फुटली आहे. पण त्या दोन शब्दांएवढं मला काही लागलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. मुज्तबाने माईकवर माझी तीनशे वर्षं सांगितली, दर्गा सांगितला, साधू सांगितला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग धून चढत गेली. लातूरची पोरं हात वर करून डोलू लागली. धून शिगेला पोहोचली, आणि मुज्तबाने तळहात माझ्या तारांवर ठेवला.

सगळं मैदान गप्प झालं.

आणि मागच्या रांगांत तीन माणसं उठून उभी राहिली. जन्नतबीने पदर डोक्यावर घेतला. सिद्धलिंगने रुमाल सोडून हातात धरला आणि मान खाली घातली. पाशामियाँनी टोपी सारखी केली आणि ते मैदानाच्या भिंतीपलीकडच्या घरांकडे बघू लागले. एका घराकडे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कोणत्या दारात माणसं बसली आहेत ते शोधत होते.

"ओ काका, बसा की! दिसंना गेलंय!" मागून एकजण कुजबुजला.

"लघवीला जायचं असंल तर तिकडं हाय," दुसरा म्हणाला, आणि खसखस पिकली.

पाशामियाँना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मंचाकडे बघितलं आणि त्या शांततेत, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, काळजीने विचारलं,

"कोणाच्या घरी झालंय, बेटा?"

मैदान हसण्याने फुटलं. पुढच्या रांगा वळून बघू लागल्या. ड्रमवर बसलेला सत्यमसुद्धा हसला. सगळ्यांनी मग मुज्तबाकडे पाहिलं, आता हा काय म्हणतो. माईक त्याच्या तोंडापुढेच होता. त्याचा तळहात अजून माझ्या तारांवरच होता. त्याला खाली उतरता आलं असतं. उतरून बापाशेजारी उभं राहता आलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, उतर, अरे उतर.

तो हसला. माईकवर म्हणाला, "घरात नाही काका, आत्म्यात झालंय!"

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. सत्यमच्या काठ्या कडाडल्या आणि धून पुन्हा उठली. मागे पाशामियाँ शेजारच्यांना हात जोडून काहीतरी म्हणत होते. बहुधा माफी मागत होते. मग ती तीन माणसं रांगेतून वाट काढत बाहेर गेली.

सगळ्यांत वाईट गोष्ट अजून सांगितली नाही. त्या संध्याकाळी मी फार सुंदर वाजलो. इतका सुंदर मी आधी कधी वाजलो नव्हतो. बापाला जाताना बघून मुज्तबाचे हात कापत होते आणि ते कापणंसुद्धा माझ्यातून गोड होऊन बाहेर पडलं. लोक म्हणाले, वा.

कार्यक्रम संपल्यावर सिद्धलिंग एकटाच मंचामागे आला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"पाशाभाई आन् भाभी स्टँडवर गेलेत," तो म्हणाला. "मी एवढंच सांगाय आलो, मुज्तबा. तुझ्या बापाला आता लई कमी ऐकू येतं. निम्मं त्याला कळलंच न्हाई. 'काका' तेवढं नीट ऐकू आलं."

आणि तो गेला. मागे टॉवेलने घाम पुसत उभ्या असलेल्या सत्यमने हे ऐकलं होतं.

"बाप?" तो म्हणाला. "ते तुझे वडील होते? आरं, मी हसलो त्यांच्यावर!"

"सत्यम, ऐक..."

"काय ऐकू? मी मुरुडचा हाय, लंडनचा न्हाई. माझ्या भावाच्या लग्नात बँजोच होता. मी काय तुझ्या बापाला नावं ठेवली असती? तू मला माझ्याच मानसावर हसायला लावलंस, मुज्तबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुज्तबा मला घेऊन मुखेडला पोहोचला. दार उघडंच होतं. जन्नतबी चुलीपुढून उठली, आणि तिने जे केलं ते शिव्यांपेक्षा कठीण होतं. तिने पाहुण्यांसाठी ठेवलेली सतरंजी झटकून अंथरली. नक्षीचा काचेचा ग्लास फळीवरून काढून धुतला, ताटलीत ठेवून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "बसा. पानी घ्या. जेवून जा, पाहुणे."

"अम्मी, असं नको बोलू."

"मग कसं बोलू? कोन लागता तुम्ही आमचे? आमच्या यांना तर तुम्ही काका म्हनता. यांचा भाऊ हैदराबादला असतो, त्याला तर असं पोरगं न्हाई."

मुज्तबा ते पाणी प्यायला. पाशामियाँ बाजेवर बसले होते. मग त्यांनी विचारलं, "खरंच कोनी गेलं नव्हतं का तिथं?"

"न्हाई अब्बा."

"मग उगंच थांबलास." ते रागावले नव्हते. एखाद्या शिकाऊ पोराला चूक दाखवावी तसे म्हणाले. "ते मेलेल्या मानसासाठी असतं, बेटा. टाळ्यांसाठी न्हाई."

मुज्तबा त्यांच्या पायाशी बसला आणि सगळं बोलू लागला. दर्गा, साधू, नांदेडचा व्यापारी, सगळं. मोठ्याने बोलावं लागत होतं, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. माफी ओरडून मागावी लागत होती आणि शेजारची अफसाना दारात येऊन उभी राहिली होती. पाशामियाँनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला कशाला सांगतोस? मी कोन हाय ते मला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांग."

नांदेडला पुढचा कार्यक्रम होता. तिथे त्याने सांगितलं. माईकवर उभा राहून बापाचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, बँजो पार्टीचं सांगितलं. माझ्या बटणांवरून नखाने चांदी खरवडून खालचं अक्षर दाखवलं. ती शांतता कुठली, तेही सांगितलं. तुम्हाला वाटेल, लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. तसं काही झालं नाही. काहींना तो विनोद वाटला, काही उठून गेले, आणि मागची पोरं तालात ओरडू लागली, "हि-मा-लय! हि-मा-लय!" ते नाव त्याला चिकटलं. अजून मोबाईलवर लोक तेच लिहितात. बोलावणी कमी झाली. सत्यम महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलला. मुज्तबाने ती शांतता वादनातून काढून टाकली. कोणी ओरडून मागितली, तर म्हणतो, "आज कोणी गेलेलं नाही," आणि वाजवत राहतो.

दर महिन्याला तो मुखेडला येऊ लागला. दर वेळी तीच सतरंजी, तोच नक्षीचा ग्लास, आणि "या पाहुणे." तो विनवायचा नाही. गुपचूप पाणी प्यायचा, जेवायचा, बापाला ऐकू जाईल असं काहीबाही सांगायचा. निघताना उंबऱ्यात थोडा थांबायचा. आत्ता उन्हाळ्यात तर सबंध आठवडा राहिला, पण ताट उचलायला उठला की जन्नतबी म्हणायची, "राहू द्या. पाहुण्यांनी उचलू नये."

मग एका सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. कितीतरी दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. बाया हंडे घेऊन पळत होत्या. जन्नतबी चुलीपुढून धडपडत उठली, कमरेवर हात ठेवून वळली. मुज्तबा सतरंजीवर बसलेला तिला दिसला.

"बसून काय राहिला रे मुडद्या!" ती ओरडली. "नळ आलाय! ऊठ, घागरी भर!"

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मुज्तबा सतरंजीवरून उठला. मग चपला न घालता धावला. घागरी भरल्या, हंडे भरले, मोरीतलं पिंप भरलं, बादल्या, पातेली, चहाचं भांडंसुद्धा भरलं. घरातलं संपलं तेव्हा अफसानाकडची भरायला गेला. बाजेवर पडल्या पडल्या मला त्याचं हुंदके देणं ऐकू येत होतं, की हसणं, ते नीट कळेना. पाशामियाँ उठून दारात आले आणि म्हणाले, "हळू रे. सांडायलंय पानी." तेवढंच.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना पुसून ठेवा, तारांना गंज चढू देऊ नका, हे मी सांगायला नको. धूळ पुसता येते. रंगसुद्धा नखाने खरवडता येतो. पण आपलं माणूस समोर उभं आहे आणि कोणी विचारतंय, 'हे कोण?', तेव्हा लगेच सांगा. नाव सांगा, नातं सांगा, गाव सांगा. त्याला एक श्वास पुरतो. तो श्वास चुकवला, तर मग किती घागरी भराव्या लागतात, ते मुज्तबाला विचारा. तो अजून भरतोच आहे.